पळणं-खेळणं चालू ठेवून वेट ट्रेनिंग सुरू कसं करायचं: पहिल्या तीन महिन्यांचा प्लॅन

आठवड्यातून तीन-चार दिवस पळणं चालू आहे, किंवा रविवारी टर्फवर फुटबॉल आणि बुधवारी बॅडमिंटन असं काहीतरी ठरलेलं आहे, आणि आता "जिम पण लावावी का" असं डोक्यात घोळतंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. फक्त बॉडी बनवायची असेल तर इथलं बरंचसं तुम्हाला उपयोगाचं नाही, त्याचं गणित वेगळं असतं. इथे मेन काम पळणं किंवा खेळणं, आणि जिम त्याच्या मदतीला. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच गोंधळ आपोआप मिटतात, कारण बहुतेक लोकांचं घोडं इथेच अडतं. ते जिममध्ये दमायला जातात. घाम निघाला पाहिजे, पाय लटपटले पाहिजेत, तरच पैसे वसूल. आपल्याला दमवायला पळणं आहे की, जिममध्ये आपण ताकद वाढवायला जातोय, आणि ताकद कमी रेप्स (एकच हालचाल सलग जितक्या वेळा करता तो आकडा), जास्त वजन आणि भरपूर रेस्ट याने वाढते.

आता नेहमीचा प्रश्न, की वेट्सनी पळणं स्लो होतं का, पाय जड होतात का. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाचा एक प्रयोग छापून आला, त्यात एका गटाने फक्त वेट्स केले, एकाने फक्त दमाचे व्यायाम आणि तिसऱ्याने दोन्ही, असं दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांचा दम व्यवस्थित वाढला पण ताकद सात-आठ आठवड्यांनी अडकली आणि शेवटी थोडी घसरली. म्हणजे मार खाल्ला तो ताकदीने, पळण्याने नाही. आणि हेही बघा की ती मंडळी आठवड्याला पाच दिवस वेट्स आणि सहा दिवस दमाचं काम करत होती. आपण दोन दिवस करणार. उलट जड वेट्समुळे रनिंग इकॉनॉमी सुधारते, म्हणजे त्याच स्पीडला ऑक्सिजन कमी लागतो, हे नंतर बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

डंड-बैठकांचं काय, असं घरातलं कुणीतरी मोठं माणूस विचारणारच. तालमीतल्या शेकड्याने मारलेल्या बैठकांनी दम आणि चिवटपणा येतो यात वादच नाही, पण पळणाऱ्याच्या पायाला हजारो रेप्सची सवय रोजच होत असते. त्याला जे मिळत नाही ते म्हणजे पाच-सहा रेप्समध्येच जड वाटेल असं वजन. म्हणून बैठका चालू असतील तर खुशाल चालू ठेवा, वॉर्मअपला मस्त आहेत, पण त्याला स्ट्रेंथ ट्रेनिंग समजू नका.

सुरू करायच्या आधी

चाळिशीच्या आसपास असाल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. जड वजन उचलताना श्वास रोखला की बीपी क्षणभर बरंच वर जातं, त्यामुळे "मी तर हाफ मॅरेथॉन पळतो, मला काय होतंय" हे लॉजिक इथे चालत नाही. गुडघा किंवा कंबर महिनाभरापासून दुखतच असेल तर जिमच्या आधी फिजिओ.

सुरुवात कधी करायची हे पण महत्त्वाचं. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, त्यामुळे डिसेंबरमध्ये अचानक जिम लावणारे खूप दिसतात, आणि ती सगळ्यात वाईट वेळ, कारण तेव्हा पळणं पीकला असतं आणि नवीन व्यायामाने अंग आखडलेलं असतं. रेसला किमान तीन महिने हातात पाहिजेत. जून-जुलै मला सगळ्यात बेस्ट वाटतात, पावसामुळे पळणं तसंही थोडं विस्कळीत होतं, त्या जागेत जिम बसते.

शूज. रनिंग शूजचा सोल मऊ आणि उंच असतो, वजन घेऊन खाली बसलं की त्यात पाय डगमगतो. जुने सपाट कॅनव्हासचे शूज घाला, नाहीतर जिममध्ये चालत असेल तर फक्त मोज्यांवर करा. बेल्ट, ग्लोव्ह्ज, रिस्टबँड काही लागत नाही. घाम पुसायला नॅपकिन मात्र पाहिजेच, मुंबई-कोकणच्या हवेत डंबेल हातातून सटकतं.

जिम कुठली? सोसायटीची जिम चालेल. पहिल्या तीन महिन्यांना डंबेल्स, एक बेंच, एक केबलचं मशीन आणि एक पायरी एवढं पुरतं. स्क्वॉट रॅक असेल तर उत्तम, तसाही तो संध्याकाळी सात वाजता बायसेप कर्ल मारणाऱ्यांच्या ताब्यात असतो.

ट्रेनरला काय सांगायचं

बहुतेक जिममध्ये नवीन माणसाला एक छापील चार्ट मिळतो, सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, आणि लेग्ज आठवड्यातून एकदा पण असे की दोन दिवस जिना उतरता येऊ नये. हा चार्ट पळणाऱ्याच्या कामाचा नाही. पाय एकदाच आणि प्रचंड दमवले की पुढचे तीन दिवस पळण्याची वाट लागते, आणि बाकीचे दिवस छाती-दंडात जातात. म्हणून पहिल्याच दिवशी शांतपणे सांगायचं, "सर, मी रविवारी लाँग रन करतो, मला आठवड्यातून दोनच दिवस फुल बॉडी करायचीय, फक्त माझा फॉर्म बघा." यावर "आधी तीन महिने बॉडी तर बनू द्या, मग बघू" असं उत्तर येऊ शकतं. हसायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं. फॉर्म, म्हणजे व्यायाम करतानाची शरीराची ठेवण, नीट बघणारा ट्रेनर मिळाला तर मात्र त्याला धरून ठेवा, पहिल्या महिन्यात त्याची नजर कुठल्याही सप्लिमेंटपेक्षा जास्त कामाची.

दिवस कसे लावायचे

दोन नियम आहेत. पहिला, लाँग रन किंवा मॅचच्या आधी ४८ तास पायांचं जड काम नको. दुसरा, हार्ड दिवस हार्डच ठेवायचा आणि ईझी दिवस खरंच ईझी. लोक नेमकं उलटं करतात, मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं), बुधवारी जिम, गुरुवारी टेम्पो (जरा जोराच्या एकाच स्पीडने सलग पळणं), शुक्रवारी परत जिम, मग आठवड्यात एकही दिवस असा राहत नाही की पाय मोकळे झाले. त्यापेक्षा मंगळवारी सकाळी इंटरव्हल आणि त्याच दिवशी संध्याकाळी जिम, मग बुधवारी अगदी निवांत जॉग किंवा काहीच नाही. ऐकायला क्रूर वाटतं पण करून बघा.

रविवारी लाँग रन असणाऱ्याचा आठवडा साधारण असा बसतो:

सोमवार: आराम, फार तर चालणं
मंगळवार: सकाळी इंटरव्हल किंवा चढाचं पळणं, संध्याकाळी जिम
बुधवार: हलका जॉग
गुरुवार: मधल्या स्पीडचं पळणं आणि त्याच दिवशी जिम
शुक्रवार: आराम
शनिवार: अर्धा तास हलकं पळणं
रविवार: लाँग रन

रविवारी फुटबॉल किंवा क्रिकेटची मॅच असेल तरी हाच साचा चालतो. बुधवारी रात्री बॅडमिंटन असेल तर जिम सोमवारी आणि गुरुवारी टाका. सोमवारी पाय लाँग रनने जड असतील तर पायांचे सेट (सेट म्हणजे न थांबता मारलेल्या रेप्सचा एक गट) निम्मे करायचे आणि पूर्ण ताकदीचा दिवस गुरुवार ठरवायचा.

एकाच दिवशी दोन्ही असेल तर मध्ये सहा तासांचं अंतर मिळालं तर छान, म्हणजे सकाळ-संध्याकाळ. ऑफिसमुळे एकाच फेरीत उरकायचं असेल तर ज्या गोष्टीचा दर्जा महत्त्वाचा ती आधी. इंटरव्हल असतील तर पळणं आधी, नुसता २०-३० मिनिटांचा जॉग असेल तर वेट्स आधी आणि जॉग नंतर. आणि जिमच्या दिवशी "वॉर्मअप म्हणून" ट्रेडमिलवर पाच किलोमीटर मारणाऱ्यांनो, तो वॉर्मअप नाही.

व्यायाम कुठले

सहा हालचाली: खाली बसणं, कमरेतून वाकणं, एका पायावरचं काम, पोटरी, ढकलणं, ओढणं. त्यात शेवटी पोटाचं पाच मिनिटं. दोन्ही दिवशी तेच व्यायाम, आणि तीन महिने तेच. बोर होतं, मान्य आहे. पण दर आठवड्याला नवीन व्यायाम केला तर शरीर प्रत्येक वेळी नवीन हालचाल शिकण्यातच वेळ घालवतं आणि वजन वाढवायची वेळच येत नाही.

खाली बसण्यासाठी गॉब्लेट स्क्वॉट. एक डंबेल उभं धरून दोन्ही तळव्यांनी छातीशी, कोपर खाली, पाय खांद्याएवढे, बोटं जरा बाहेर, आणि दोन पायांच्या मध्ये बसायचं. वजन पुढे असल्यामुळे पाठ आपोआप सरळ राहते, म्हणून नवशिक्यासाठी हा बारबेल स्क्वॉटपेक्षा सोपा. टाच उचलली जात असेल तर टाचेखाली छोटी प्लेट ठेवा. गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका असं कुणीतरी सांगेल, तो जिना उतरताना रोजच पुढे जातो, फक्त आत कोसळू देऊ नका.

आता कमरेतून वाकणं, म्हणजे रोमानियन डेडलिफ्ट. यावर जरा जास्त वेळ घालवतो कारण पळणाऱ्यांसाठी हा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात जास्त चुकवला जाणारा व्यायाम आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला वाका म्हटलं की तो पाठीतून वाकतो. आपल्याला खुब्यातून वाकायचंय. आधी वजन न घेता शिका: भिंतीकडे पाठ करून साधारण एक फूट पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल, आणि हात न लावता फक्त कुल्ले मागे नेऊन भिंतीला टेकवा. टेकले की परत उभे. मग दोन-तीन इंच पुढे सरका आणि परत तेच. एका ठिकाणी असं होईल की मांडीच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या होतील आणि कुल्ले जेमतेम टेकतील, ती तुमची रेंज, त्याखाली जायची गरज नाही. आता झाडूचा दांडा किंवा काठी पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागे, एक कमरेमागे, काठी डोक्याला, पाठीच्या मध्याला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली पाहिजे. वाकताना तीनपैकी एकही जागा सुटली तर पाठ गोल झाली. आरशात बघून कळत नाही, काठी लगेच सांगते. हे जमलं की हातात दोन डंबेल्स घ्या, ती मांडीला घासत खाली न्या, नडगीच्या मध्यापर्यंत, आणि वर येताना कुल्ले आवळून उभे राहा, मागे झुकायचं नाही. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू आणि कुल्ले दुखले तर बरोबर केलंत. कंबर दुखली तर वजन कमी करून परत भिंतीपाशी.

एका पायाचं काम म्हणजे स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसणं) किंवा गुडघ्याएवढ्या उंचीच्या बाकावर स्टेप-अप. पळताना आपण कायम एकाच पायावर असतो, त्यामुळे हे सोडू नका. स्टेप-अपमध्ये खालच्या पायाने उसळी मारून फसवणूक होते, वरच्या पायानेच उठायचं. आणि उतरताना धप्पकन नाही, तीन मोजत हळू उतरायचं. ज्यांना सातारा हिल हाफ मॅरेथॉन करायचीय त्यांनी हा उतरण्याचा भाग डबल मन लावून करा, कारण तिथला यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो पण उतरताना मांड्या जातात. उताराला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, आणि त्याची सवय नसेल तर शेवटच्या किलोमीटर्सना पाय ऐकत नाहीत.

पोटरी. पळणारे हा व्यायाम सगळ्यात जास्त टाळतात, आणि पळताना सगळ्यात जास्त भार याच स्नायूंवर येतो, सोलियस नावाच्या आतल्या पोटरीवर तर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, टाच पूर्ण खाली, मग पूर्ण वर, वर एक सेकंद थांबायचं. सरळ गुडघ्याने एक प्रकार आणि गुडघा वाकवून दुसरा, सोलियसला दुसराच लागतो. दोन पायांवर पंधरा आरामात झाले की एका पायावर, मग हातात डंबेल. अकिलिसची, म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेची, कुरबुर असलेल्यांनी हे पण फिजिओला विचारून करा.

ढकलण्यासाठी पुशअप. जमिनीवर होत नसेल तर गुडघ्यावर करण्यापेक्षा बाकावर हात ठेवून करा, हळूहळू बाक खाली आणत जा. ओढण्यासाठी एका हाताने डंबेल रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं) किंवा लॅट पुलडाऊन (केबल मशीनचा दांडा वरून छातीकडे ओढणं). पोटासाठी डेड बग (पाठीवर झोपून उलट बाजूचे हात-पाय हळू खाली नेणं), साइड प्लँक (कुशीवर एका कोपरावर शरीर सरळ धरणं), आणि एका हातात जड डंबेल घेऊन न झुकता चालणं. हा शेवटचा घरी पाण्याने भरलेल्या बादलीने पण होतो, दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो झालेच.

किती वजन, कधी वाढवायचं

सगळे हेच विचारतात आणि आकडा कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी हे वापरा: सेट संपला तेव्हा अजून किती रेप्स निघाले असते? दोन-तीन निघाले असते असं वाटलं तर वजन बरोबर. सहा-सात निघाले असते तर ते फारच हलकं. एकही नसता निघाला तर फार जड, आणि पळणाऱ्याने तिथपर्यंत जायचंच नाही, कारण शेवटच्या त्या एका रेपने ताकद फारशी वाढत नाही पण थकवा मात्र बराच वाढतो. अंदाजासाठी सांगायचं तर गॉब्लेट स्क्वॉटला बरेच नवशिके ८ ते १२ किलोपासून सुरू करतात. रिकामा ऑलिंपिक बार २० किलोचा असतो, बायकांसाठीचा १५ चा, त्यामुळे "नुसता बार" म्हणजे काहीच नाही असं समजू नका.

पहिले दोन आठवडे: प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, दहा-दहा रेप्स, वजन मुद्दाम हलकं. इथे फक्त हालचाल शिकायचीय.

तिसरा ते सहावा आठवडा: तीन सेट, आठ ते दहा रेप्स. तिन्ही सेटमध्ये पूर्ण दहा निघाले की पुढच्या वेळी वजन वाढवायचं आणि परत आठपासून सुरू. हाताच्या व्यायामांना अडीच किलो, पायांच्या व्यायामांना पाच किलोपर्यंत. सोसायटीच्या जिममध्ये अडचण ही असते की १० नंतर एकदम १२.५ चं डंबेल, म्हणजे एका झटक्यात पाव पट जास्त. अशा वेळी आधी १० किलोवरच बारा रेप्सपर्यंत जा, किंवा खाली जाताना तीन सेकंद लावा, मग उडी मारा.

सातवा ते बारावा आठवडा: पायांच्या पहिल्या दोन व्यायामांना तीन सेट, पाच-सहा रेप्स, पण वजन खरंच जड. बाकीचे आठ-दहावरच ठेवा. इथे डंबेल कमी पडायला लागतात, तेव्हा बारबेलवर जा, किंवा डंबेल्सच असतील तर दोन पायांचा व्यायाम एका पायावर करा. मध्ये एखादा आठवडा, साधारण चौथा आणि आठवा, सेट निम्मे करायचे. तो आठवडा वाया गेला असं वाटतं, पण बहुतेक वेळा पुढच्याच आठवड्यात वजन वाढतं.

जड सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं रेस्ट. होय, एवढी. पळणाऱ्यांना हे जमतच नाही, एक मिनिट झालं की चुळबुळ सुरू होते. घड्याळ लावा. नाहीतर पायांच्या दोन सेट्सच्या मध्ये हाताचा एक सेट घाला, वेळ पण वाचतो, सगळं मिळून ४५-५० मिनिटांत संपतं. वॉर्मअपला पाच मिनिटं सायकल, थोडं मोकळं स्ट्रेचिंग आणि मग त्याच व्यायामाचे हलके सेट. समजा आज ४० किलोचा स्क्वॉट आहे, तर आधी रिकाम्या बारने आठ, मग ३० किलोने पाच, मग ४०.

आणि वही ठेवा. मोबाईलच्या नोट्समध्ये पण चालेल. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स. पळण्याचा पेस सेकंदापर्यंत पाठ असणाऱ्या लोकांना मागच्या आठवड्यात किती किलो उचलले ते आठवत नाही, हे मला नेहमी गमतीशीर वाटतं.

दुखणं: कुठलं चालेल, कुठलं नाही

पहिल्या आठवड्यात अंग दुखणार. व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत जे दुखतं ते स्नायूंचं, दोन्ही बाजूंना, पसरलेलं, दाबलं की जाणवणारं, आणि हललं की कमी होणारं. त्याला घाबरू नका, हलकं चाला, पळा. सांध्यात, एका बिंदूवर, एकाच बाजूला, टोचल्यासारखं दुखलं तर थांबा. साधा हिशोब: दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं दुसऱ्या सकाळी गेलं तर ठीक, वाढलं तर तो व्यायाम त्या आठवड्यात बंद.

एक मात्र सिरियसली घ्या. पहिल्याच दिवशी कुणी शंभर-दोनशे स्क्वॉट्स मारायला लावले, आणि नंतर स्नायू सुजून कडक झाले, हात-पाय हलेनात आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरी हळदीचं दूध पीत बसू नका, लगेच हॉस्पिटलमध्ये जा. स्नायू तुटून त्यातलं प्रोटीन रक्तात उतरतं आणि किडनीवर भार येतो, रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. फिट माणसालाही होतो, किंबहुना दम चांगला असल्यामुळे तो जास्त रेप्स मारत राहतो. त्यामुळे पहिल्या दिवशी कमीपणा वाटेल इतकं कमी करा.

खेळ बघून काय बदलायचं

फुटबॉलवाल्यांनी नॉर्डिक कर्ल घालाच. गुडघ्यावर बसायचं, कुणीतरी मागून घोटे घट्ट धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुकत जायचं, शेवटी हातावर पडायचं. हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या, दुखापती यामुळे जवळपास निम्म्याने कमी होतात असं बऱ्याच टीम्सच्या आकडेवारीतून दिसलंय, आणि तरी लोक करत नाहीत कारण सुरुवातीला भयंकर दुखतं. आठवड्यातून एकदा, दोन सेट, तीन-चार रेप्स, आणि मॅचपासून लांबच्या दिवशी. जांघ सारखी धरत असेल तर त्यासोबत कोपनहेगन प्लँक, म्हणजे वरचा पाय बाकावर ठेवून साइड प्लँक, सुरुवातीला पाय नाही तर गुडघा बाकावर.

बॅडमिंटनवाल्यांनी पोटरी आणि स्प्लिट स्क्वॉट सोडू नका, नेटजवळच्या लंजला (एक पाय लांब पुढे टाकून झुकण्याला) तेच लागतं, आणि खांद्यासाठी ढकलण्याच्या दुप्पट ओढण्याचे सेट करा. क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग करणाऱ्यांनी साइड प्लँक आणि एका हातात वजन घेऊन चालणं वाढवा.

खाणं

सप्लिमेंटच्या डब्याआधी ताटाकडे बघा. पळणं अधिक वेट्स करणाऱ्याला दर किलो वजनामागे साधारण १.४ ते १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ९० ते १०५ ग्रॅम. आपल्या नेहमीच्या पोहे, वरणभात, भाजी-पोळी यात ते पन्नासच्या वर जाणं अवघड. पण हिशोब केला तर जमतं. सकाळी दोन अंडी आणि एक ग्लास दूध म्हणजे २०. दुपारी तीन पोळ्या, वाटीभर घट्ट मटकीची उसळ आणि वाटीभर दही म्हणजे २०-२३. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे ७. रात्री ५० ग्रॅम सोया चंक्स किंवा दीडशे ग्रॅम चिकन किंवा मासे, सोबत दोन पोळ्या, म्हणजे ३०-४०. झाले की ८०-९०, उरलेल्यासाठी अजून एक-दोन अंडी, पनीर, नाहीतर हवा असेल तर व्हेचा एक स्कूप. व्हे म्हणजे दुधातलं प्रोटीनच, त्यात जादू पण नाही आणि विष पण नाही. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम ताकदीला मदत करतं, वजन किलोभर वाढू शकतं कारण स्नायूत पाणी धरलं जातं, त्यामुळे पहिले तीन महिने नाही घेतलं तरी काही बिघडत नाही. किडनीचा त्रास असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रोटीनच्या नादात भात-पोळी तोडू नका. पळणं, खेळणं, जिम आणि वर डाएटिंग असं चारही एकत्र केलं की दुखापत दार ठोठावतेच. बायकांची पाळी लांबत किंवा बंद होत असेल तर खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. आणि "वेट्सनी पुरुषी दिसायला लागेन" ही भीती सोडून द्या, आठवड्याला दोन दिवस आणि सोबत पळणं एवढ्यावर तसं होत नाही, पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाढणारी ताकद बरीचशी नसा आणि स्नायू यांचा ताळमेळ सुधारल्यामुळे असते, आकारामुळे नाही.

रेस जवळ आली की, आणि खंड पडला तर

पळण्याचं अंतर पीकला असतं त्या पाच-सहा आठवड्यांत जिम एक दिवसावर आणा. वजन तेच ठेवा, सेट कमी करा. कमावलेली ताकद आठवड्यातल्या एका सेशनवर बऱ्यापैकी टिकते, अट एवढीच की वजन जड राहिलं पाहिजे. बरेच जण उलटं करतात, "आता हलकं करूया" म्हणत वजन उतरवतात आणि रेप्स वाढवतात, त्याने ताकदही जाते आणि पायही दमतात. शेवटचं जड पायांचं सेशन रेसच्या सात ते दहा दिवस आधी. रेसच्या आठवड्यात जिमला गेलात तर सोमवार-मंगळवारी, निम्म्या वजनाने, वीस मिनिटं.

गणपती, दिवाळी, ऑफिसची टूर, व्हायरल ताप, खंड पडणारच आहे. एक आठवडा बुडाला तर जिथे होतात तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर वहीतल्या शेवटच्या वजनातून वीस-तीस टक्के उतरवा आणि दोन सेटवर या, तिसऱ्या-चौथ्या सेशनला जुन्या आकड्यावर पोचाल. तापातून उठला असाल तर आधी दोन-तीन दिवस नुसतं चालून बघा, मग हलकं पळणं, जिम सगळ्यात शेवटी.